व्यवसायजन्य आजारांच्या संशोधनाचे भवितव्य सेन्सर आणि एआयमध्ये आहे का? एम.एस्सी.नंतर या विषयात यावे का?

या विषयाला भवितव्य आहे, मात्र ते यंत्रांपेक्षा मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते धरणगाव तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातील सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात अनेक हंगाम हजेऱ्या मांडताना बनलेले आहे.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराची खूण आपल्याला माहीत असेलच. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीत, कामाला लागून काही तास झाले की छाती आवळते, आणि आठवडा सरकतो तसा त्रास उतरतो. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात याच लक्षणावरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. तिथे सुटी रविवारची असल्याने प्रश्नावलीत सोमवार आला, आणि तोच सोमवार जसाच्या तसा आमच्या गावापर्यंत पोहोचला.

आमच्याकडे सुटी आठवडे बाजाराची, म्हणजे गुरुवारची. एका वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी सोमवारी दुपारी स्पायरोमीटर (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजण्याचे यंत्र) घेऊन आला, प्रत्येकाला एकदाच फुंकायला लावले आणि "सोमवारी छाती आवळते का?" असे विचारून "नाही"वर खुणा करीत गेला. जिनांवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, कापूस टाकणारा एक जण त्याला सांगत होता, "बजारना दुसरे दिन छाती भरी येस, भाऊ." त्या उत्तरासाठी कागदावर रकानाच नव्हता. अहवालात बिसिनोसिस आढळला नाही आणि खोकल्याचे खापर बिडीवर फुटले.

मी त्याच्या मार्गदर्शकांना मस्टर दाखवले. शुक्रवारच्या रकान्यात अर्ध्या हजेऱ्यांची गर्दी होती. बाजारच्या दिवशीची दारू उतरली नसेल, असे त्यांचे म्हणणे पडले. दारू न उतरलेला माणूस सकाळी कामावर येतच नाही. हे लोक सकाळी वेळेवर येत आणि दुपारी छातीवर हात ठेवून घरी जात. शिवाय गाठी वाहणारे हमालही त्याच बाजारात जात आणि तितकीच पीत, तरी त्यांच्या शुक्रवारच्या हजेऱ्या पूर्ण भरलेल्या होत्या. अर्धी हजेरी होती ती जिनांच्या ओळीत आणि झाडलोट करणाऱ्या बायांत. यावर त्यांनी दिलेले उत्तर मला आजही पटलेले नाही: "मस्टर हा वैद्यकीय पुरावा नव्हे."

मग पुरावा येणार कुठून? २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे कळवायच्या आजारांच्या यादीत, बिसिनोसिस होता आणि कलम ८९ प्रमाणे रुग्ण आढळल्यास कळवण्याची जबाबदारी डॉक्टरवर होती; परंतु केसपेपरवर व्यवसायापुढे "मजुरी" एवढेच लिहिले जाते. त्याच वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापूस जिनिंगचे नाव घालून ठेवले, त्यामुळे विम्याच्या दवाखान्यातही या लोकांची नोंद होत नाही. ज्याला दम लागतो तो पुढच्या हंगामाला येत नाही, सातपुड्यातील आपल्या पाड्यावर राहतो किंवा ऊसतोडीला जातो. आपण मोजता ती टिकून राहिलेल्यांची फुप्फुसे, आणि मग जिनिंग निरोगी ठरते.

सेन्सर हवेतील कण मोजेल, पण कापसाच्या धुळीत त्रास देणारे एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचे विष त्याला ओळखता येत नाही, आणि जिनच्या चामडी रोलरमधून येणारे क्रोमियमही नाही. एक्स-रे वाचणारा एआय सिलिकोसिससाठी, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारासाठी, उपयोगी आहे. बिसिनोसिसमध्ये एक्स-रेवर खास असे काही दिसतच नाही. त्यापेक्षा साप्ताहिक सुटी कोणती हे आधी विचारावे, सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीपूर्वी आणि पाळीनंतर त्याच माणसाला फुंकायला लावावे, आणि हंगाम संपल्यावर त्याच्या पाड्यावर जावे. शोधनिबंधात मस्टरला जागा द्यावी, हे तर मी आग्रहाने सांगेन.

मी डॉक्टर नाही. बिडीने हा त्रास वाढतो हे खरे आहे, आणि २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर पुष्कळ जिनिंगमध्ये कापूस यंत्राने ओढला जातो, तेव्हा माझ्या काळातील धूळ आज सगळीकडे तशीच असेल असे नाही. नोकरीचे विचाराल, तर अहमदाबादला राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्था आहे. तेथील जागा आणि पगार यांविषयी त्या क्षेत्रातील कोणी सांगितलेले बरे.