'बार्न'ला कोठार म्हणावं का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या शेतवास्तूंवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे, तर 'बार्न'ला कोठार लिहावं की गोठा? माझ्या मते दोन्ही नको. 'खळेघर' लिहा.

शब्दाचं मूळ पाहिलं तर कोठारच बरोबर वाटतं. जुन्या इंग्रजीत 'बेरे' म्हणजे जव आणि 'एर्न' म्हणजे घर, म्हणून जवाचं घर. पण आत चालायचं काय, ते पाहा. कापणीनंतर पेंढ्या भरलेली गाडी थेट आत शिरेल एवढं उंच दार असे आणि बरोबर समोरच्या भिंतीत दुसरं दार. या दोन दारांमधली जमीन म्हणजे खळं. पेंढ्या दोन्ही बाजूंना रचायच्या आणि हिवाळाभर थोड्या थोड्या काढून झोडपायच्या. मग समोरासमोरची दारं उघडली की वारा आरपार वाहतो, त्यात धान्य उफणायचं. आपल्याकडे सुगीला आभाळ कोरडं असतं, म्हणून खळं उघड्यावर चालतं. तिकडे पावसाचा नेम नाही, म्हणून खळ्यावर छप्पर आलं. 'खळेघर' मला म्हणूनच चपखल वाटतो.

झोडपून निघालेलं धान्य वेगळ्या इमारतीत जाई. उंदीर चढू नयेत म्हणून ती बहुधा अळंबीच्या आकाराच्या दगडांवर उचललेली असे. कोठार म्हणायचं ते तिला. गोठा हा शब्द खऱ्या गोठ्यासाठीच राखून ठेवा, कारण वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियात उताराला टेकून बांधलेल्या दुमजली बार्नमध्ये खाली गुरं आणि वर खळं असतं. तिथे दोन्ही शब्द एकाच वाक्यात लागतील.

अशा मजकुरात 'बे' हा शब्द हमखास येतो. त्यासाठी 'विभाग', 'कप्पा' असलं काही शोधत बसू नका. दोन तुळयांमधल्या अंतराला आपल्याकडे 'खण' म्हणतातच. वाड्याची माडी पाच खणी असते, तसंच हे. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळ हार्मंड्सवर्थला 1426 सालचं लाकडी बार्न अजून उभं आहे. लांबी सुमारे 192 फूट, बे बारा. मराठीत सरळ लिहा: बारा खणी खळेघर.