शाळेचं वय नक्की कोणतं धरायचं?

प्रश्न: आमच्या जुन्या कॅथलिक शाळेची स्मरणिका काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कोनशिलेवर एम, डी, तीन सी, एल, दोन एक्स, व्ही आणि पुढे आय अशी अक्षरं आहेत, त्यातला तिसरा आय रंगाखाली नीट दिसत नाही. ऑफिसमधल्या बोर्डावर स्थापना १८७१ लिहिलंय, आणि म्हातारे माजी विद्यार्थी म्हणतात शाळा त्याहून जुनी आहे. छापू काय?

उत्तर: आधी दगड वाचू. हे रोमन आकडे आहेत, एम म्हणजे १०००, डी ५००, तीन सी ३००, एल ५०, दोन एक्स २०, व्ही ५ आणि तीन आय धरले तर १८७८. बोर्डात आणि दगडात ७ वर्षांचा फरक, पण म्हणून लगेच कुणाला खोटं पाडायला जाऊ नका. नन्स किंवा फादर नव्या ठिकाणी आले की पहिल्याच दिवशी कुणी दगडी इमारत उभी करत नाही, भाड्याच्या घरात नाहीतर चर्चच्या मागच्या खोलीत वर्ग भरतो, पैसे जमतात, मग कोनशिला बसते. ते इमारतीचं बारसं, शाळेचं नव्हे. म्हाताऱ्यांचंही बरोबर असू शकतं हां, कारण कित्येक शाळा आधी पॅरिशने, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चने चालवल्या आणि नंतर एखाद्या धर्मसंघाकडे, म्हणजे नन्स, फादर किंवा ब्रदर्सच्या संस्थेकडे सोपवल्या, आणि मग बोर्डावर संघ आल्याचं साल लागलं. मी तुमच्या जागी असतो तर जनरल रजिस्टरमधल्या पहिल्या नावापुढची तारीख धरली असती. पोरं आली तेव्हा शाळा सुरू झाली, एवढं साधं.

प्रश्न: शाळा कोणत्या संघाने काढली हेच आता कुणाला सांगता येत नाही. शोधायचं कसं?

उत्तर: बॅज बघा. किरणांच्या सूर्यात आय एच एस (येशूच्या नावाची अक्षरं) असेल तर बहुतेक जेझुइट फादरांचा संघ, ‘सेर्वियाम’ म्हणजे ‘मी सेवा करीन’ असेल तर उर्सुलाइन सिस्टर्स (त्यांचा संघ अँजेला मेरिचीने १५३५ मध्ये इटलीतल्या ब्रेशात काढलेला), तारा आणि ‘सिग्नुम फिदेई’ म्हणजे ‘श्रद्धेची खूण’ असेल तर द ला साल ब्रदर्स. या ब्रदर्सबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे, कारण सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये गरीब मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्याच फ्रेंचमधून वाचायला शिकवायचं आणि एकेकाला जवळ बोलवून धडा देण्याऐवजी अख्ख्या वर्गाला एकत्र शिकवायचं हे त्यांनी जोरात चालवलं, आज आपल्याला वर्ग म्हटलं की जे चित्र दिसतं त्यात त्यांचा मोठा हात आहे.

नावावरूनही पकडता येतं आणि मला हा प्रकार भयंकर आवडतो. संत घोषित झाल्याशिवाय नावापुढे ‘सेंट’ लागत नाही. डॉन बॉस्को, म्हणजेच जॉन बॉस्को, १९३४ मध्ये संत झाले, लिझ्यूची तेरेसा १९२५ मध्ये. म्हणजे ‘सेंट जॉन बॉस्को’ नावाची शाळा १९०० सालची आहे असं कुणी म्हणालं तर शाळा असेलही तेव्हाची, पण नाव नंतर बदललंय. तेरेसाच्या बाबतीत मात्र जपून, आव्हिलाची तेरेसा १६२२ मध्येच संत झाली होती. पुतळ्याच्या हातात क्रूस आणि गुलाब असतील तर ती लिझ्यूची.

जेझुइट निघाले तर अजून एक. हा संघ पोपने १७७३ मध्ये बरखास्त केला आणि १८१४ मध्ये परत उभा केला, त्यामुळे ‘सोळाव्या शतकापासून अखंड’ असं वाक्य स्मरणिकेत टाकायच्या आधी दोनदा बघा.

प्रश्न: शाळेत जुने कागदच नाहीत. कुठे मिळतील?

उत्तर: शाळेत नसले तरी कॉन्व्हेंटमध्ये बघा. सिस्टर्सच्या घरात हाऊस डायरी ठेवायची पद्धत असते, कोण आलं, कोण आजारी पडलं, छप्पर कधी गळलं, सगळं त्यात. तिथेही नसेल तर संघाच्या मुख्य घराला पत्र टाका, फ्रेंच किंवा इटालियन वाचणारं कुणीतरी शोधून ठेवा. जमाखर्चाच्या वह्या सापडल्या तर पगाराचा रकाना बघा, सिस्टर्स सहसा पगार घ्यायच्या नाहीत, त्यामुळे तो आधी जवळजवळ रिकामा असतो आणि बाहेरचे शिक्षक यायला लागले की भरत जातो. आणि रजिस्टरात वडिलांच्या धंद्याचा रकाना असेल तर तो सोडू नका, शाळा कुणाच्या मुलांसाठी होती हे प्राचार्यांच्या भाषणापेक्षा तिथे जास्त कळतं.

आणि त्या तिसऱ्या आयचं. रंग खरवडू नका. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला अगदी चिकटवून बाजूने तिरका धरा, कोरलेल्या खाचेत सावली पडते. सरळ उभी सावली दिसली तर १८७८, वाकडी चीर निघाली तर १८७७.