विचारा, सांगतो : वादळात शिरणारं विमान

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की अमेरिकेत चक्रीवादळात मुद्दाम विमान घालतात आणि ते घरबसल्या मोबाइलवर बघता येतं. त्यावर इतके मेल आले की या वेळी बाकीचे प्रश्न (गच्चीवरचं सोलर, इन्व्हर्टरचं पाणी वगैरे) पुढच्या अंकात ढकललेत, राग मानू नका.

प्रश्न : माझा मुलगा फ्लॉरिडात टँपाला असतो. ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन वादळ येत होतं तेव्हा आम्ही दोघं इथे रात्रभर जागे. सून म्हणाली आई ते विमान बघत बसा, म्हणून फ्लाइटरडार उघडलं तर विमान मेक्सिकोच्या आखाताच्या मधोमध सारखं त्याच त्या जागेवरून जात होतं आणि एकदम गायबच झालं! छातीत धस्स झालं हो. अशा वेळी काय समजायचं? — एक वाचक, कोथरूड

काकू, काहीही समजायचं नाही, चहा करून प्यायचा. विमान स्वतःची जागा रेडिओवरून सांगत असतं आणि ती ऐकणारे रिसीव्हर बहुतेक जमिनीवर, लोकांच्या गच्चीवर वगैरे लावलेले असतात. पृथ्वी गोल आहे त्यामुळे १०,००० फुटांवरचं विमान अशा रिसीव्हरला साधारण सव्वादोनशे किलोमीटरपर्यंतच ऐकू येतं, पुढे आखातात गेलं की नकाशावरून पुसलं जातं आणि परत येताना उगवतं. पडलं बिडलं काही नसतं.

त्या दिवसांत तुम्ही बघितलं ते बहुतेक डब्ल्यूसी-१३० जे असणार, मोठं चार पंख्यांचं. मिसिसिपी राज्यात बिलॉक्सीला कीसलर नावाचा हवाईतळ आहे, तिथल्या ५३व्या वेदर रेकॉनिसन्स स्क्वाड्रनकडे अशी १० विमानं आहेत. आणि तेच तेच फिरणं म्हणजे त्यांचं ठरलेलं काम. त्याला आल्फा पॅटर्न म्हणतात. वादळाच्या केंद्रापासून १०५ नॉटिकल मैल, म्हणजे जवळजवळ १९५ किलोमीटर लांबून आत यायचं, केंद्रातून आरपार जायचं, पलीकडे तेवढंच जाऊन कडेने वळायचं आणि पुन्हा तिरकं केंद्रातून. नकाशावर इंग्रजी चारचा आकडा काढल्यासारखं दिसतं. त्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ झालं.

खरी गंमत विमानात नाही, ते जे आकडे पाठवतं त्यात आहे, आणि ते सॅटेलाइटवरून येतात त्यामुळे विमान नकाशावर दिसो न दिसो आकडे येतच राहतात. ट्रॉपिकल टिडबिट्स नावाची साइट आहे तिथे हे सगळं रंगीत ठिपक्यांत काढून मिळतं. मिल्टनचं सांगतो. ५ ऑक्टोबरला ते नुसतं डिप्रेशन, म्हणजे वादळाच्या आधीची पायरी होतं, आणि ७ तारखेला विमानांच्या मोजणीवरून केंद्रातला दाब ८९५ मिलिबारपर्यंत उतरल्याचं निघालं, वारा ताशी २८५ किलोमीटर. मीही त्या वेळी जागाच होतो, दर फेरीला आकडा आणखी खाली. आपल्या घरातल्या हवेचा दाब हजाराच्या आसपास असतो हे लक्षात घ्या म्हणजे काय चाललं होतं ते कळेल.

मियामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं मुख्य बुलेटिन दिवसातून चारदा येतं, उन्हाळ्याच्या त्यांच्या घड्याळाने ५ आणि ११ ला, सकाळ-संध्याकाळ. आपल्याकडे ते दुपारी अडीच, रात्री साडेआठ, मध्यरात्री अडीच आणि सकाळी साडेआठ. तेव्हा रात्री साडेआठचं बघून झोपा, सकाळी साडेआठचं बघा. आणि मुलाने घर सोडायचं की नाही हे विमानावर ठरत नाही हो, त्याची काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, त्याच्या झोनला काय सांगते त्यावर ठरतं.

प्रश्न : सर, वादळ तयार झाल्यावर विमान जातं हे समजलं. पण कधी कधी बातमीत असतं की इन्व्हेस्टमध्ये विमान पाठवलं. अजून वादळच नाही तर तिथे जाऊन बघतात काय? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

शाब्बास, मला विचाराल तर सगळ्यात भारी फ्लाइट हीच असते पण तिला कुणी बघत नाही कारण त्यात डोळा नाही, थरार नाही, टीव्हीवाले नाहीत.

इन्व्हेस्ट म्हणजे हवेतली अशी गडबड जिच्यावर नजर ठेवायचं ठरलंय. तिला ९० ते ९९ मधला नंबर देतात, अटलांटिकमधली असेल तर पुढे एल, जसं ९२ एल, आणि ९९ झाला की परत ९० पासून. सॅटेलाइटमध्ये मस्त पांढरा गोळा दिसत असतो, फिरतोय असंही वाटतं. पण तो वरचा ढग आहे. खाली समुद्रालगत वारा खरंच गोल फिरतोय का, हे वरून झाकलेलं असतं. आणि डिप्रेशन म्हणायचं तर खाली बंद वर्तुळ लागतं, नीट ठरवता येईल असं केंद्र लागतं, त्याच्याभोवती टिकून राहिलेला गडगडाटी पाऊस लागतो. वर्तुळ बंद आहे की उघडं, हे बघायला विमान जातं.

आता बघतात कसं. त्या भागात वारा एरवी पूर्वेकडून येतो, तो ट्रेड विंड. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणजे केंद्राच्या उत्तरेला वारा पूर्वेकडून येणार, तो तसाही येतच असतो, त्यात नवीन काही नाही. पण केंद्राच्या दक्षिणेला तो पश्चिमेकडून यायला पाहिजे. तिथे पश्चिमेचा वारा सापडला तर वर्तुळ बंद. नाही सापडला तर ती नुसती वाकलेली लाट, घरी चला. म्हणून विमान खाली येतं, ५०० ते १,५०० फुटांवर, आणि ढगाच्या दक्षिणेला पश्चिमेचा वारा शोधत हिंडतं. या फ्लाइटला लो लेव्हल इन्व्हेस्ट म्हणतात. दीड हजार फूट म्हणजे पुण्यातल्या सिंहगडाची पायथ्यापासूनची चढण सुद्धा याहून जास्त भरते, तेवढ्या उंचीवरून पावसात समुद्रावर तासन् तास!

तू घरी बसून हे कसं पकडशील ते सांगतो. विमान दर ३० सेकंदांची एक ओळ बनवतं, अशा २० ओळी म्हणजे १० मिनिटांचा एक निरोप, त्याला हाय डेन्सिटी ऑब्झर्व्हेशन म्हणतात. ओळ बघून पहिल्यांदा डोकं गरगरतं, नुसते आकडे. त्यात वेळ, अक्षांश, रेखांश, उंची वगैरे सोडून दे, दोनच गोष्टी धर. एक सहा आकडी गट असतो वाऱ्याचा. नमुन्यादाखल ०९५०२२ असं लिहिलेलं असेल तर पहिले तीन आकडे दिशा, ९५ अंश म्हणजे जवळजवळ पूर्वेकडून, पुढचे तीन वेग, २२ नॉट. एक नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर. आता विमान दक्षिणेकडे सरकतंय आणि तो गट ०९५ वरून ०६०, मग ०२०, मग ३४०, मग ३००, आणि मग २७००१८ असा आला... आला रे आला पश्चिमेचा वारा! केंद्राला पश्चिमेकडून वळसा घालून विमान दक्षिणेला पोचलं की आकडे असेच उलटे घसरत जातात. दुसरा गट समुद्रसपाटीच्या दाबाचा, पुढचा १ गाळलेला असतो, ००६३ म्हणजे १००६.३ मिलिबार. वेग मधेच एकदम पडतो आणि दाब त्याच वेळी सगळ्यात खाली जातो, तिथे केंद्र.

पुष्कळदा असं होतं की सॅटेलाइटवरून सगळे जिथे केंद्र धरून बसलेले असतात तिथे काहीच नसतं आणि खरं केंद्र पन्नासशंभर किलोमीटर भलतीकडे निघतं. मग अंदाजाची सुरुवातीची जागाच बदलते आणि पुढचा सगळा मार्ग हलतो. एका कंटाळवाण्या फ्लाइटने एवढं होतं.

कधी निघणार हेही आधी कळतं. सीझनमध्ये, १ जून ते ३० नोव्हेंबर, रोज एक प्लॅन ऑफ द डे निघतो. त्यात टेक-ऑफची वेळ, कुठे, किती उंचीवर, कशासाठी सगळं असतं. वेळ झेडमध्ये, म्हणजे ग्रीनिचची, त्यात साडेपाच तास मिळव. ११ झेड म्हणजे आपले संध्याकाळचे साडेचार. प्लॅनमध्ये फ्लाइट लिहिली म्हणजे ती जाणारच असं मात्र नाही, गडबड विरली तर सकाळी रद्द करून टाकतात, तेव्हा मित्रांना आधीच सांगून ठेवू नकोस, मी तोंडावर पडलोय.

प्रश्न : विमानाच्या नावापुढे टील ७१ असं दिसतं, हा काय प्रकार? — डोंबिवली

हवाईदलाच्या त्या स्क्वाड्रनचा कॉलसाइन आहे टील, पुढे नंबर. दुसरी संस्था नोआ, म्हणजे अमेरिकेची समुद्र आणि हवामान संस्था, तिची विमानं फ्लॉरिडात लेकलँडला असतात, ती नोआ ४२, नोआ ४३, नोआ ४९ अशी दिसतात. ४२ चं लाडाचं नाव कर्मिट, ४३ चं मिस पिगी, आणि ४९ गोंझो, ते जेट आहे, वादळात घुसत नाही, ४०,००० फुटांच्या वरून आजूबाजूची हवा मोजतं.

प्रश्न : मिल्टनच्या वेळचा विमानाच्या आतला व्हिडिओ बघितला, सामान उडतंय, माणसं हादरतायत. एवढ्या वाऱ्यात विमान मोडत कसं नाही? माझे मिस्टर म्हणतात व्हिडिओ फेक आहे. — सांगली

मिस्टरांना सांगा फेक नाही, ८ ऑक्टोबरचा आहे, मिस पिगीमधलाच.

ताई, होडी वाहत्या पाण्यात असते तसं विमान वाहत्या हवेत असतं. सगळी हवाच ताशी २०० किलोमीटरने सरकत असेल तर विमान तिच्याबरोबर बाजूला सरकतं, पायलट नाक थोडं वाऱ्याकडे वळवून सरळ रेघ धरतो, झालं. आडवा वारा कितीही असू दे, तो एकसारखा असला तर मोडत नाही. भीती असते ती हवा क्षणात वर, क्षणात खाली जाते त्याची, आणि ती डोळ्याच्या भोवतीच्या भिंतीत असते. म्हणून तयार वादळात १०,००० फुटांवरूनच जातात, इन्व्हेस्टसारखं खाली नाही. १९८९ ला ह्युगो वादळात कर्मिट १,५०० फुटांवरून शिरलं, वादळ अंदाजापेक्षा फारच तगडं निघालं आणि भिंतीत असताना चारातलं एक इंजिन गेलं. डोळ्यात निवांत गोल फिरत उंची घेत घेत बाहेर पडले बिचारे. सगळेच एवढे नशीबवान नव्हते, १९५५ च्या जॅनेट वादळात नौदलाचं विमान ११ जणांसकट गेलं, त्यात दोन पत्रकार होते.

समुद्राच्या जवळचं मोजायला माणसं जात नाहीत, ड्रॉपसाँड टाकतात. हातभर लांबीची नळी, छोटं पॅराशूट, आत जीपीएस आणि दाब, तापमान, आर्द्रता मोजणारं सगळं. ती पडता पडता आकडे पाठवते आणि समुद्रात बुडते, परत मिळत नाही.

प्रश्न : ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची वाडी झोपली, पोफळी एकावर एक. तेव्हा आपल्याकडे असं विमान का नव्हतं? आताही का नाही? — श्रीवर्धन

दादा, तुमच्या वाडीचं वाचून वाईट वाटलं, पोफळ परत उभी करायची म्हणजे वर्षं जातात.

तेव्हाही नव्हतं आणि आजही आपल्याकडे वादळात नेमाने जाणारं विमान नाही. आपलं हवामान खातं सॅटेलाइट, समुद्रात तरंगणारी मोजणी यंत्रं (बॉय) आणि किनाऱ्यावरची डॉप्लर रडार यांवर काम करतं. सॅटेलाइटच्या चित्रातल्या ढगांच्या ठेवणीवरून ताकद ठरवायची एक पद्धत आहे, ड्वोराक, तिच्यात वादळाला टी नंबर देतात. यात आपण काही एकटे नाही. पॅसिफिकच्या पश्चिम बाजूला अमेरिकनच ग्वाममधून विमानं पाठवायचे, १९७९ ला टिप नावाच्या टायफूनमध्ये (तिकडच्या चक्रीवादळाला टायफून म्हणतात) ८७० मिलिबार मोजला तो जगातला आजवरचा नीचांक. पण ती उड्डाणं त्यांनी १९८७ ला बंद केली, तिथेही तेव्हापासून मुख्य भिस्त सॅटेलाइटवरच. तैवानने २००३ पासून स्वतःची सुरू केली.

माझं मत विचाराल तर आपल्याला पाहिजे. अरबी समुद्रातली वादळं किनाऱ्याला लागूनच वाढतात, रात्रीत ताकद बदलते आणि टी नंबर तो अंदाजच. मेक्सिकोत २०२३ ला ओटिसचं झालं ते बघा. अंदाज काढणारी संगणकावरची सगळी मॉडेल चुकली, आणि २४ ऑक्टोबरच्या दुपारी विमान आत गेलं तेव्हा कळलं की हे भलतंच झालंय, पण तोवर हातात काही तासच उरले होते, मध्यरात्रीनंतर अकापुल्कोवर कॅटेगरी ५, म्हणजे सगळ्यात वरची. म्हणजे विमान होतं म्हणून काही तास तरी आधी कळलं, आणि एकच फेरी होती म्हणून तेवढेच. खर्च मात्र मोठा आहे, विमान, दहा-दहा तासांची फ्लाइट, वर्षभर तयार ठेवायचं पथक, आणि आपल्या बाजूला वर्षाला वादळं मोजकीच.

प्रश्न : मी विमानतळावरून निवृत्त झालो. १९७९ च्या मे-जूनमध्ये सांताक्रूझला अमेरिकन विमानं उभी असायची, पोटाखाली अँटेना वगैरे. आम्हाला वाटायचं हेरगिरीची आहेत. ती हीच का? — विलेपार्ले

काका, काय आठवण काढलीत! हेरगिरी नव्हे, मान्सून. मोनेक्स नावाचा मोठा प्रयोग होता त्या वर्षी आणि त्यासाठी नोआचं पी-३ (कर्मिटच्याच जातीचं), आणखी एक इलेक्ट्रा नावाचं संशोधनाचं विमान आणि नासाचं जेट मुंबईतून अरबी समुद्रावर जायचं, ड्रॉपसाँड टाकत. जूनमध्ये मान्सूनच्या तोंडाशी समुद्रात जो भोवरा तयार झाला त्यावर ही विमानं हिंडली, आणि त्या आकड्यांवर अभ्यासकांनी पुढे बरंच काम केलं. म्हणजे आपल्या समुद्रातल्या तयार होणाऱ्या भोवऱ्याला मुंबईहून निघालेल्या विमानांनी मोजलंय, १९७९ मध्येच. तुमच्याकडे त्या वेळचा एखादा फोटो असेल तर मेल करा, पुढच्या अंकात छापतो.