पिस्तुलाचा चाप एकदा ओढल्यावर तसाच मागे पडून राहतो, हा बिघाड आहे का?

तुम्ही लिहिले आहे की नवीन ग्लॉक १७ रिकामे असताना चाप ओढला की तो आधी सैल जातो, मग अडतो, मग टक् असा आवाज होतो आणि त्यानंतर चाप मागेच निर्जीव पडून राहतो. शिवाय चाप दाबून धरलेला असताना स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढून सोडली आणि मग बोट हळूहळू सैल केले, तर आणखी एक बारीक 'टिक्' ऐकू येते. यांतले काहीही बिघाडाचे लक्षण नाही. ही दुसरी 'टिक्' म्हणजेच रीसेट, म्हणजे चाप पुन्हा ओढायला तयार होण्याचा क्षण.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत चाप आणि घोडा यांची सर्रास गल्लत होते. बोटाने ओढतो तो चाप आणि मागच्या बाजूला आपटतो तो घोडा. तुमच्या पिस्तुलात घोडा मुळी नाहीच. त्याचे काम आत स्प्रिंगवर ताणून बसलेला स्ट्रायकर करतो.

स्लाइड मागे जाऊन पुढे येते तेव्हा ग्लॉकचा स्ट्रायकर अर्धवट ताणला जातो आणि चापाला जोडलेल्या ट्रिगर बार नावाच्या पट्टीच्या मागच्या टोकावर अडकून राहतो. तुम्ही चाप ओढू लागता तेव्हा सुरुवातीच्या सैल प्रवासात ही पट्टी मागे सरकते. पुढे जी अडल्याची जाणीव होते, तिथपासून स्ट्रायकर उरलासुरला ताणला जातो आणि पट्टीचे टोक कनेक्टर नावाच्या छोट्या वाकवलेल्या पत्र्याच्या उतारावर दाबले जाऊन खाली ढकलले जाते. ते पुरेसे खाली गेले की स्ट्रायकरची पकड सुटते, तो पुढे झेपावतो आणि काडतुसाच्या बुडावर आदळतो. पिस्तूल रिकामे असेल तर नुसताच टक् आवाज होतो, आणि स्लाइड हलली नसल्यामुळे स्ट्रायकर पुन्हा ताणला जात नाही. म्हणून चाप मागे पडून राहतो.

खरी गंमत पुढे आहे. गोळी सुटते तेव्हा तुमचे बोट अजून चापावर दाबलेलेच असते, आणि तेवढ्या अवधीत स्लाइड मागे जाऊन, रिकामे टरफल फेकून, नवे काडतूस नळीत भरून परत आलेली असते. चाप दाबलेला असूनही लगेच दुसरी गोळी सुटत नाही, कारण मागे जाणारी स्लाइड कनेक्टरला बाजूला ढकलते, पट्टी स्प्रिंगच्या जोरावर वर उसळते आणि पुढे येणाऱ्या स्ट्रायकरला पुन्हा पकडते. आता चाप कितीही दाबा, पट्टी खाली ढकलणारा उतार तिच्या मार्गात नसतो. बोट सैल केल्यावर पट्टी पुढे सरकते आणि कनेक्टर टिक् करून आपल्या जागी परततो. एका दाबाला एकच गोळी सुटावी यासाठी केलेली ही सोय आहे, आणि ती काही ग्लॉकने शोधलेली नाही. जॉन ब्राउनिंग यांच्या १९११ पिस्तुलातही स्लाइड मागे जाताना डिस्कनेक्टर नावाचा भाग खाली दाबून चाप आणि सिअर (घोडा अडवून धरणारा भाग) यांचा संबंध तोडते.

हे हाताला कळावे म्हणून मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा, सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नळी सुरक्षित दिशेला धरून कोरडा सराव करा. चाप ओढून तसाच दाबून ठेवा, दुसऱ्या हाताने स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा, आणि मग चाप अगदी सावकाश पुढे येऊ द्या. टिक् झाली की थांबा. तिथून पुन्हा दाबलात तर सैल प्रवास जवळजवळ उरलेला नसतो.

मात्र गोळीबार करताना ही टिक् शोधत बसावे, असा सल्ला अनेक जण देतात तो मला नवख्यासाठी पटत नाही. धक्का बसत असतानाच बोट चापाचा स्पर्श न सोडता मोकळेपणी पुढे येऊ द्यावे. टिक् मागे पडली तरी बिघडत नाही. मी स्वतः अशाच आखूड रीसेटला सरावलो होतो आणि एकदा लांब रीसेटचे डबल ॲक्शन पिस्तूल (ज्यात चाप ओढतानाच घोडाही ताणला जातो) हातात आले. तिसऱ्याच गोळीला चाप मेल्यासारखा झाला. मी पिस्तूल खाली ठेवून ते नादुरुस्त आहे असे जाहीर केले, तेव्हा प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "पिस्तूल ठीक आहे, तुमचं बोट अर्ध्यावरून परत फिरतंय."

स्लाइड ओढल्यानंतरही चाप आपोआप पुढे येत नसेल, टिक् कधी होते आणि कधी होतच नाही असे असेल, किंवा चाप दाबलेला असताना स्लाइड सोडताच स्ट्रायकर सुटल्याचा आवाज येत असेल, तर मात्र त्यात एकही काडतूस न भरता ते जाणकार कारागिराकडे न्या, आणि कनेक्टर घासून चाप हलका करण्याचा प्रयोग घरी करू नका.