श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलीला सर्वसाधारण वर्गात कसे शिकवावे?

आपल्या चौथीच्या वर्गात श्रवणयंत्र वापरणारी विद्यार्थिनी आली असून शिकवताना नेमके काय बदलावे, असे आपण विचारले आहे. श्रवणयंत्र शिक्षकाच्या आवाजाबरोबरच पंख्याची घरघर आणि बाक सरकवल्याचा कर्कश आवाजही मोठा करते; त्यामुळे ओरडून बोलण्यापेक्षा गोंगाट आणि अंतर कमी करणे अधिक उपयोगी ठरते. माझ्या वर्गात आम्ही बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले होते, आणि त्याचा फायदा सगळ्याच मुलांना झाला.

फळ्यावर लिहिता लिहिता बोलण्याची सवय मात्र कटाक्षाने मोडावी लागते, कारण ओठांच्या हालचालींवर विसंबणाऱ्या मुलीचे वाक्य आपण पाठ फिरवताच अर्ध्यावर तुटते. खिडकीकडे पाठ करून उभे राहिल्यासही चेहरा अंधारात जातो. श्रुतलेखनात ‘पान’ आणि ‘मान’ हे शब्द ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून सुटे शब्द न सांगता ते वाक्यात घालून सांगावेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनमान्य शाळांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे अशा वाजवी सोयी करून देणे अपेक्षित आहे; ही मेहेरबानी नव्हे.

‘समजले का?’ असे कृपया विचारू नका, कारण संकोचलेले मूल नुसती मान डोलावते. ‘आता काय करायचे, ते मला सांग’ असे म्हणा आणि उत्तरासाठी थांबा.