इंग्रजी फाडफाड, मग फ्रेंचमध्ये तोंड का उघडत नाही?

प्रश्न थोड्याफार फरकाने नेहमी असाच येतो: "इंग्रजी माध्यमात शिकले, ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलते, मग फ्रेंचच्या क्लासमध्ये माझी वाचा का बसते? मला भाषेची गतीच नाही का?" विचारणारे बहुधा तिशीच्या आसपासचे, नोकरदार आणि कॅनडाच्या वाटेवरचे असतात. मी पूर्वी फ्रेंच शिकवायचे, नंतर समुपदेशनाकडे वळले, त्यामुळे ही मंडळी एकमेकांकडून पत्ता घेऊन माझ्याकडे येतात. रेवती त्यांतलीच. तिचं नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

ती आली होती झोप लागत नाही म्हणून. त्यातही शुक्रवारची रात्र सगळ्यात वाईट, कारण शनिवारी सकाळी क्लास. वय ३१. कॅनडात कायम राहायला येणाऱ्यांची गुणांवर निवड करणाऱ्या एक्स्प्रेस एंट्रीत तिशी लागली की वयाचे गुण दरवर्षी घसरायला लागतात. उलट इंग्रजी बऱ्यापैकी असून फ्रेंचच्या चारही कौशल्यांत (ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं) कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवरची एनसीएलसी ७ ही पातळी गाठली तर ५० गुण वरून मिळतात. शिवाय २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्याही निघू लागल्या आहेत. नवऱ्याने हा सगळा हिशेब एक्सेलमध्ये मांडून ठेवला होता आणि रोज जेवताना विचारायचा, "कुठवर आलं?" घास उतरेनासा व्हायला एवढं पुरतं.

मी तिला वही आणायला सांगितली. वही बघण्यासारखी होती. डावीकडे फ्रेंच शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ, रंगीत पेनांनी आखलेलं. शब्द शेकड्यांनी पाठ. वाचनाच्या चाचणीत ती वर्गात पुढे असायची आणि श्रवणाच्या चाचणीत जेमतेम काठावर. म्हणजे गती नाही हा निदानातला पहिलाच शब्द चुकीचा. तिने फ्रेंच डोळ्यांनी शिकून ठेवलं होतं आणि कानाला त्याची खबरच नव्हती.

इंग्रजी चांगलं असणाऱ्यांचं हे हमखास होतं. लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढाच इंग्रजीत शिरला. त्यामुळे पान उघडलं की वाटतं, अरे, हे तर येतंय! मग माणूस ते इंग्रजीच्या सवयीने मनात वाचतो, आणि तोच उच्चार पक्का बसतो. प्रत्यक्षात शब्दाच्या शेवटची अक्षरं फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा मुकी असतात. 'बोलणे' या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांच्याबरोबरची रूपं चार ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिली जातात, पण कानावर चारही वेळा 'पार्ल' एवढंच पडतं.

त्याहून मोठी गोम अनेकवचनात आहे. इंग्रजीची सवय असलेला कान शब्दाच्या शेपटाशी 'स'ची वाट बघत थांबतो. फ्रेंचमध्ये तो 'स' लिहितात, बोलत नाहीत. एक पुस्तक 'ल लिव्र', अनेक पुस्तकं 'ले लिव्र'. फरक सगळा पुढच्या 'ल' आणि 'ले'मध्ये. रेवती नेमका हाच भाग किरकोळ समजून वहीत गाळत आली होती. शिवाय पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तोच मुका 'स' जागा होतो आणि 'मित्र' म्हणताना 'लेझामी' असं एकसंध ऐकू येतं. पाठ असलेला 'आमी' त्यात सापडणार कसा?

म्हणून पहिलं काम दिलं ते वही मिटण्याचं. रोज मिनिटभराचा सोपा संवाद, आधी नुसता ऐकायचा, मग त्याच्या मागोमाग मोठ्याने बोलायचा, मजकूर सगळ्यात शेवटी बघायचा. आणि नाम कधीही एकटं लिहायचं नाही, लिंग दाखवणाऱ्या 'ल' किंवा 'ला'सकटच.

लिंगावरून ती वैतागली होती. "टेबल बाई कसं असेल?" मी म्हटलं, "मराठीत खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते' आहे, तेव्हा विचारलं होतंस का कुणाला?" हसली. मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही, मात्र मराठीचं लिंग उचलून फ्रेंचवर चिकटवता येत नाही. सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी, पण आपला चंद्र तिथे स्त्रीलिंगी.

मराठी आणखीही ठिकाणी कामाला येते, आणि आमचे इंग्रजी माध्यमवाले नेमकी तीच घरी ठेवून क्लासला जातात. रेवती वयस्कर शिक्षिकेला सरळ 'त्यु', म्हणजे आपलं 'तू', म्हणायची. "सासूबाईंना अरे-तुरे करशील का?" एवढं विचारल्यावर तिला आदराचं 'वू' कधीही समजवावं लागलं नाही. भुकेचंही तसंच. इंग्रजीत माणूस 'भुकेला असतो', फ्रेंचमध्ये त्याच्याकडे 'भूक असते': 'झे फँ'. आपल्याला भूक 'लागते', म्हणजे आपल्याकडेही ती नामच. वयसुद्धा फ्रेंचमध्ये 'असण्याच्या' नव्हे तर 'जवळ असण्याच्या' क्रियापदाने सांगतात. असे तुकडे अख्खेच उचलावेत. शब्दाला शब्द लावत इंग्रजीतून गेलं की हमखास चुकतं.

पण हे सगळं झालं भाषेचं. झोप उडाली होती ती दुसऱ्याच कारणाने. ऑफिसात जिच्या एका ईमेलवर रिलीज थांबतं, ती बाई शनिवारी 'माझं नाव अमुक' म्हणताना अडखळते, तेही कॉलेजच्या पोरांसमोर. मोठ्या वयात भाषा शिकताना ही पत जाण्याची भीती व्याकरणापेक्षा जास्त छळते असं माझं मत आहे. तिला मी एकच वाक्य तोंडात बसवायला लावलं: 'रेपेते, सिल वू प्ले', कृपया पुन्हा सांगा. प्रत्येक तासाला ते निदान दोनदा म्हणायचंच, समजलं असलं तरी. न समजण्याची लाज मोडायला हा उपाय बरा पडतो.

नवऱ्यालाही एकदा बोलावून घेतलं. एनसीएलसी ७ म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर (ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू असा चढता क्रम) साधारण बी-टू पातळी, ए-वन आणि ए-टूच्या पुष्कळ पुढची, नोकरी सांभाळून ती काही महिन्यांत गाठायची म्हणजे जिकिरीचं आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने परीक्षेची तारीख वर्षभर पुढे ढकलली आणि जेवतानाचा प्रश्न बंद केला. झोप तिथूनच सुधारायला लागली.

रेवती आता बी-वनच्या वर्गात आहे. 'यु'चा तो उच्चार, ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची, अजून दर वेळी साधत नाही. आकड्यांशी तर तिचं भांडणच आहे, कारण सत्त्याण्णव म्हणायला 'चार वीस दहा सात' म्हणावं लागतं. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये नव्वदला सुटसुटीत 'नोनाँत' आहे हे कळल्यावर तिने विचारलं, "मग आपण तिकडेच अर्ज केला तर?"