परिषदेला मदतनीसताईंना घेऊन जा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

विभागीय बालशिक्षण परिषदेत तुला दहा मिनिटं बोलायला मिळणार, हे कळून फार आनंद झाला. काय बोलू, असं विचारलं आहेस. ते सांगतेच, पण त्याआधी एक कर. नावनोंदणी करताना तुमच्या अंगणवाडीतल्या मदतनीसताईंचंही नाव घाल.

तू म्हणशील, तिथे सेविका, शिक्षिका, प्राध्यापक मंडळी बोलणार, त्या तिथे येऊन काय करतील? हा विचार मला फार खटकतो. मुलांना घरून आणणं, हात धुऊन देणं, भरवणं, शी-शू बघणं ही खालची कामं आणि तक्ता दाखवून गाणं घेणं वरचं, अशी उतरंड आपणच लावून ठेवली आहे. तीन वर्षांच्या पोराला ती ठाऊक नसते.

तुमच्या अंगणवाडीत आले होते त्या दिवशी आहाराच्या वेळी मी कोपऱ्यात बसून होते. मदतनीसताईंनी एका चिमुरडीला वाट्या मांडायला सांगितल्या. ती एकेकापुढे एकेक ठेवत गेली. शेवटी दोघं उरली आणि हातातल्या वाट्या संपल्या. ताईंनी लगेच वाट्या पुढे केल्या नाहीत. "किती कमी पडल्या गं?" एवढंच विचारलं आणि खिचडीचं पातेलं तसंच धरून थांबल्या. पोरीने दोघांकडे बोट केलं, ओठ हलवले, आत गेली आणि नेमक्या दोन वाट्या घेऊन आली. एकास एक संगती म्हणून प्रशिक्षणात आपण मणी आणि खडे घेऊन जे शिकतो, ते इथे भुकेच्या वेळी, खऱ्या गरजेतून घडलं. तू तेव्हा रजिस्टर भरत होतीस. तो तुझा दोष नाही, नोंदींचं ओझं मला माहीत आहे. पण पाहिलं ते त्यांनी. मग सांगायलाही त्याच हव्यात.

आपल्या कामाची मुळंही अशीच आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे जवळच्याच कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, कारण धाकटं भावंड कडेवर असेल तर मोठी बहीण शाळेत येणार कशी? गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. सांभाळणं आणि शिकणं त्यांनी कधी वेगळं काढलंच नाही. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, म्हणून सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे वळलं आहे. चांगलंच झालं. फक्त त्या घाईत तिसऱ्या वर्षीच पेन्सिल हातात द्यायचा आग्रह वाढतो आहे. परिषदेत कोणी तसं म्हणालं तर गप्प बसू नकोस. मोठा माणूस असला तरी नम्रपणे विचार, की ही मुलं मातीत, पाण्यात, वाळूत हात घालणार कधी?

तुझ्या दहा मिनिटांत सजवलेल्या भिंतींचे फोटो नकोत. वाट्यांचाच प्रसंग सांग, आपल्या बोलीत, घरी बोलतेस तसा. मुलीचं नाव घेऊ नकोस, आणि पालकांना विचारल्याशिवाय तिचा फोटोही दाखवू नकोस. निम्मा वेळ ताईंना दे. व्यासपीठावर त्यांचा आवाज फुटला नाही तर तू प्रश्न विचार, त्या उत्तर देतील.

राहता राहिली अडचण. दोघी एकदम गेल्यात तर केंद्र कोण बघणार? आजच पर्यवेक्षिकांना लेखी अर्ज दे आणि शेजारच्या अंगणवाडीतल्या ताईंशी बोलून ठेव. आहार चुकता कामा नये, ही अट पाळूनच जा. प्रवासखर्चाचंही आधीच विचार. तुझ्यापेक्षा त्यांचं मानधन कमी आहे, पदरमोड करायला लावू नकोस.

आणि फॉर्मवर त्यांचं नाव 'सोबत' म्हणून लिहू नकोस. सहभागी म्हणून लिही, तुझ्या नावाच्या शेजारीच.

तुझी,
मोठ्या बाई